चिखल, वायरलेस आणि पंख्याच्या डोक्याचा राक्षस: कमी पैशांतल्या चार युद्ध-भयपटांपैकी कोणता बघावा?

युद्धाची पार्श्वभूमी हवी, भुतंखेतं हवीत, पण मोठ्या स्टुडिओचा चकचकीत माल नको, अशी फर्माईश असली की माझ्या यादीत चार नावं येतात. 'शॉक वेव्ह्ज' (१९७७), 'डेथवॉच' (२००२), 'आर-पॉइंट' (२००४) आणि 'फ्रँकेनस्टाइन्स आर्मी' (२०१३). चौघांचं वर्णन एका ओळीत केलं तर ते सख्खी भावंडं वाटतील. बघायला बसलात की लक्षात येतं, एकाचा प्रेक्षक दुसऱ्याला अर्ध्या तासात बंद करेल. म्हणून आधी स्वतःलाच विचारा, राक्षस नीट उजेडात बघायचाय, की तो आसपास आहे एवढ्या जाणिवेवर तुमचं भागतं?

युद्ध दाखवणं हे खरं तर श्रीमंतांचं काम. रणगाडे, विमानं, शेकडो जणांना गणवेश. हातात पैसा नसलेला दिग्दर्शक मग युद्धाचा एकच कोपरा उचलतो. तुकडी वाट चुकते, वायरलेसवर खरखर सुरू होते, एक खंदक किंवा पडकी इमारत सापडते, आणि बाकीचं सैन्य कायमचं पडद्याबाहेर राहतं. सैनिकाला 'इथून चला परत' म्हणायची सोय नसते, हुकूम असतो. एरवीच्या भयपटात 'अरे, ते घर सोडून पळत का नाहीत हे?' असं आपण ओरडतो, तो प्रश्न इथे आपोआप मिटतो. उरलेले पैसे कुठे घातले, यावर मग प्रत्येकाची जात ठरते.

'फ्रँकेनस्टाइन्स आर्मी'ने ते उघडउघड राक्षसांवर घातले. १९४५, युद्धाचा शेवट, जर्मन हद्दीत शिरलेली एक सोव्हिएत टेहळणी तुकडी, आणि तिच्यासोबत प्रचारपट बनवायला आलेला कॅमेरामन. आपल्याला दिसतं ते सगळं त्याच्याच कॅमेऱ्यातून. तळघरात मूळ फ्रँकेनस्टाइनचा, म्हणजे प्रेतांचे तुकडे जोडून राक्षस बनवणाऱ्या कादंबरीतल्या शास्त्रज्ञाचा, वंशज असलेला डॉक्टर माणसांची धडं आणि यंत्रं एकमेकांना जोडत बसलाय. डच दिग्दर्शक रिचर्ड राफोर्स्ट याने हे प्राणी स्वतः रेखाटले आणि संगणकाच्या भरवशावर न राहता खरे पोशाख करून माणसांना घातले. एकाच्या डोक्याच्या जागी विमानाचा पंखा आहे. २०२१ मध्ये एका गाजलेल्या व्हिडिओ गेममध्ये तसाच पंखेवाला राक्षस आला, तेव्हा आपली कल्पना उचलल्याचा आरोप राफोर्स्टने जाहीरपणे केला होता. गेम खेळणाऱ्यांना तो लगेच ओळखू येईल.

कथा मात्र फारशी नाही. उत्तरार्ध म्हणजे जत्रेतलं भुताचं घर: वळण आलं की नवा राक्षस, ओरडा, पुढचं वळण. सोव्हिएत सैनिक आपसात रशियन धाटणीचं इंग्रजी बोलतात, आणि १९४५ मध्ये हातात मावणारा, आवाजही टिपणारा रंगीत कॅमेरा कुठून आला, हे विचारायचं नाही. पण नाझी आणि कम्युनिस्ट यांचे अर्धे अर्धे मेंदू जोडले की युद्धच संपेल, असा डॉक्टरचा सिद्धान्त आहे, आणि तो अमलात आणतानाचं दृश्य इतकं विक्षिप्त आहे की मी त्याला बरंच काही माफ केलं. जेवताना लावू नका.

'डेथवॉच' याच्या अगदी उलट टोकाला. १९१७, पश्चिम आघाडी, रात्रीचा हल्ला, मग धुकं. त्यातून बाहेर पडलेले मूठभर ब्रिटिश सैनिक एका जर्मन खंदकात पोचतात. तिथले जर्मन घाबरलेत, पण ब्रिटिशांना नव्हे. मायकल जे. बॅसेटच्या या पहिल्या चित्रपटाचा सगळा जीव चिखलात आहे. पाऊस थांबत नाही, भिंती पाझरतात, प्रेतं बाहेर डोकावतात, काटेरी तारा सरपटायला लागतात. पहिल्या महायुद्धात माणसं खरोखर चिखलात बुडून मेली, त्यामुळे इथे राक्षसाचा मुखवटा लागतच नाही. जेमी बेल कोवळ्या शिपायाच्या भूमिकेत चपखल आहे. अँडी सर्किस हातात सोटा घेऊन पिसाटल्यासारखा वावरतो. त्याच वर्षी तो 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला गॉलम म्हणूनही पडद्यावर आला होता. बाकीची पात्रं ठरीव साच्याची: गोंधळलेला अधिकारी, देवभोळा, तोंडाळ. शेवटाचा अंदाज सराईत प्रेक्षकाला मध्यंतरालाच येईल.

आणि 'आर-पॉइंट'. चौघांत मला सर्वांत वरचा वाटतो तो हाच. जानेवारी १९७२, व्हिएतनाम. सहा महिन्यांपूर्वी मेलेल्या म्हणून नोंदलेल्या दक्षिण कोरियन तुकडीकडून वायरलेसवर हाका यायला लागतात. शोधासाठी लेफ्टनंट चोईसोबत काही जणांना पाठवतात. दक्षिण कोरियाने या युद्धात एकूण तीन लाखांहून अधिक सैनिक धाडले होते. दुसऱ्याच्या युद्धात पाठवलेल्या पोरांची ही गोष्ट आहे, आणि दिग्दर्शक काँग सू-चांग ते विसरू देत नाही. वाटेत एक शिळा लागते. ज्यांचे हात रक्ताने माखलेत ते परतत नाहीत, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर आहे. 'डेथवॉच'मध्ये जागाच माणसांना गिळते. इथे जागा फक्त हिशेब मागते, आणि सैनिकांकडे द्यायला हिशेब नसतो. दोन्हीकडे शेवटी माणसंच एकमेकांवर बंदुका रोखतात, पण खंदकातल्या मारामारीत मी फक्त अंग चोरलं, इथे मात्र वाईट वाटलं.

शिवाय ही भीती बरीचशी भर उन्हात घडते. उंच हिरवं गवत, मोकळं आभाळ, आणि तरी पाठीमागे कुणीतरी असल्याची खात्री. तक्रार एकच, सुरुवातीला हेल्मेटखालचे चेहरे ओळखता येत नाहीत, नावं घोळतात. पहिली वीस मिनिटं नेटाने बघा. सबटायटल वाचायचा कंटाळा असेल तर मात्र इथे अडाल.

ज्या पडक्या हवेलीत ही तुकडी मुक्काम करते, ती कंबोडियातल्या बोकोर डोंगरावरची आहे. फ्रेंचांनी थंड हवेसाठी वसवलेलं ठिकाण, १९२५ मध्ये उघडलेलं हॉटेल. १९७९ मध्ये व्हिएतनामी फौज आणि ख्मेर रूज हे कंबोडियातले कम्युनिस्ट बंडखोर तिथे खरोखर लढले होते. गंमत म्हणजे 'शॉक वेव्ह्ज'नेही हाच मार्ग धरला: फ्लोरिडातलं १९२६ चं बिल्टमोर हॉटेल, जे दुसऱ्या महायुद्धात लष्करी रुग्णालय झालं होतं आणि चित्रीकरणाच्या वेळी ओस पडलेलं होतं. असा सेट उभारायला यांच्याकडे पैसे नव्हते, म्हणून त्यांनी खरी ओसाडी भाड्याने घेतली. आज दोन्ही इमारतींत पुन्हा पाहुणे उतरतात, हौशी लोकांनी नोंद घ्यावी.

'शॉक वेव्ह्ज'बद्दल फार सांगण्यासारखं नाही. काळे गॉगल लावलेले, नाझींच्या एसएस दलाचे मेलेले सैनिक समुद्रातून सावकाश वर येतात, हे दृश्य अजूनही अंगावर येतं. पीटर कुशिंग त्यांचा म्हातारा कमांडर. रक्त जवळजवळ नाही. पण चित्रपट रेंगाळतो, शिवाय युद्ध केव्हाच संपलेलं आहे. इतिहासाची हौस असेल तर बघा.

आपल्याकडचं काही हवं असेल तर नेटफ्लिक्सवरची 'बेताल' (२०२०) ही चार भागांची हिंदी मालिका आहे. ईस्ट इंडिया कंपनीचे मेलेले लाल डगलेवाले सैनिक बोगद्यातून बाहेर येतात. कल्पना झकास, जितेंद्र जोशीही आहे, पण हाताळणी घाईची. शिवाय आरवलीच्या वेतोबाला चपला आणि केळीचे घड वाहणाऱ्या कोकणी माणसाला वेताळाचं हे रूप पचणं कठीण.

चार मित्र जमलेत, गप्पा चालूच राहणार आहेत, तर 'फ्रँकेनस्टाइन्स आर्मी'. पहिल्या महायुद्धाचं वाचन असेल तर 'डेथवॉच', तोही पावसाळ्यात नको. एकटे असाल आणि एकच बघायचा असेल तर 'आर-पॉइंट', शक्यतो हेडफोन लावून, कारण त्यातलं अर्धं भय वायरलेसच्या खरखरीत आहे. आणि यातलं काहीच नको, विमानं पडताना बघायचीत, तर सरळ 'ओव्हरलॉर्ड' (२०१८) लावा. राक्षस तिथेही तळघरातच आहे, फक्त खर्च काही कोटी डॉलरचा.