अंश-मिनिट-सेकंदांच्या कामाला कॅसिओ एफएक्स-८२एमएस

गोव्यात फर्मागुढीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जाणाऱ्या पोरांच्या दप्तरात असतो तोच हा कॅल्क्युलेटर. फोंड्याच्या वरच्या बाजारात पाच-सहाशेच्या आसपास मिळतो. मी सर्व्हेच्या ऑफिसात नकाशे काढते, आणि नकाशाआधीची हमाली ठरलेली: कागदावर अंश-मिनिट-सेकंदांत आलेले अक्षांश-रेखांशांचे आकडे दशांशात आणायचे, नाहीतर दशांशातले परत मिनिट-सेकंदांत न्यायचे. फोनवर त्यासाठी ढिगाने ॲप आहेत, वेबसाइटी आहेत, बहुतेक फुकट. तरी माझ्या टेबलावर हा आहे, आणि तो तिथून हलणार नाही.

कामाचं बटण एकच, °′″ असं छापलेलं. पणजीतला एक बिंदू घ्या, १५°२९′२७″ उत्तर. १५ दाबा, मग ते बटण. २९, परत बटण. २७, परत बटण. शेवटी बरोबरचं चिन्ह. पडद्यावर १५°२९°२७ येतं. या मॉडेलात मिनिट-सेकंदांची वेगळी चिन्हं दिसत नाहीत, सगळीकडे अंशाचंच गोल. नवीन माणूस जरा चक्रावतो, मग डोळ्यांना सवय होते. आता तेच बटण आणखी एकदा दाबलं की १५.४९०८३३३३. उलट जायचं असेल तर दशांश टाकून बरोबर, मग शिफ्ट आणि तेच बटण. रेखांश ७३°४९′४०″ असाच टाकला की ७३.८२७७७७७८.

पडदा दहा आकडे दाखवतो म्हणून दहाच्या दहा कागदावर उतरवणारेही आहेत. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. म्हणजे दशांशचिन्हानंतरचा पाचवा आकडा मीटरचा आणि आठवा मिलिमीटरचा. हातातला साधा जीपीएस उघड्या माळावरसुद्धा चार-पाच मीटर इकडेतिकडे करतो, त्याच्या रीडिंगला मिलिमीटरचं सोंग कशाला? पाच लिहा, पुढचे सोडा.

आता मुख्य गोष्ट. आमच्याकडे येणाऱ्या कागदांवर गोल, एक रेघ, दोन रेघा ही चिन्हं नीट असतीलच असं नाही. टाइप करणाऱ्याला की-बोर्डवर ती सापडत नाहीत, मग तो सरळ टिंबं देतो: १५.२९.२७. पुढचा माणूस दुसरं टिंब खाऊन टाकतो आणि होतं १५.२९२७. हे दिसायला अगदी सभ्य दशांश. रेखांशाचं तसंच, ७३.४९४०. हे दोन आकडे नकाशावर टाकून बघा. अक्षांश बावीस किलोमीटर दक्षिणेला गेला, रेखांश पस्तीसेक किलोमीटर पश्चिमेला, आणि बिंदू पडला अरबी समुद्रात. असा एक कागद घेऊन आलेले भाटकार, म्हणजे बागायतीचे मालक, स्क्रीनकडे बघून म्हणाले होते, "बाय, म्हजें भाट दर्यांत कित्याक व्हेलें?" माझी बागायत समुद्रात कशाला नेली, म्हणे. ऑफिसभर हशा. पण समुद्रात गेलं म्हणून कळलं तरी.

गोव्याची गंमत अशी की ७४ अंशांची रेषा फोंडा-साखळीच्या आसपासून जाते. तिच्या पश्चिमेला, म्हणजे बार्देश, तिसवाडी, मुरगाव, सालसेत वगैरे भागांत, ही चूक झाली की बिंदू समुद्रात पडणारच, कारण तिथली मिनिटं चाळीसच्या वरची असतात आणि ७३.४ किंवा ७३.५ म्हणजे पाणीच. रेषेच्या पूर्वेला मात्र मिनिटं शून्य ते वीस. वाळपईच्या बाजूचा एक बिंदू धरू: १५°३२′००″, ७४°०८′१०″. खरा दशांश १५.५३३३३, ७४.१३६११. टिंब खाल्लेला दशांश १५.३२००, ७४.०८१०. हा दुसरा बिंदू साडेतेवीस किलोमीटर दक्षिणेला, धारबांदोडा-सावर्ड्याच्या बाजूला पडतो. जमिनीवर, झाडीत, गोव्याच्या हद्दीत. कुणाला संशय येणार नाही. सत्तरी, सांगे, धारबांदोडा इथली चूक अशीच रानात दडून बसते, आणि खाणपट्ट्यांच्या हद्दीचे कागद नेमके याच पट्ट्यातले जास्त.

इथे हा कॅल्क्युलेटर वेबसाइटपेक्षा सरस ठरतो. वेबसाइटवर बहुतेकदा एकच लांबडा चौकोन असतो. त्यात काहीही चिकटवा, ती आपल्या मनाने अर्थ लावते आणि मुकाट्याने उत्तर देते. इथे प्रत्येक भागानंतर बटण दाबावं लागतं. बटण दाबायच्या आधी बोट थांबतं: हे २९ मिनिटं आहेत की दशांशाचे आकडे? तो अर्धा सेकंद मला हवा असतो. शिवाय काही वेबसाइटी सेकंद गोल करताना घोळ घालतात आणि १५°२९′६०″ असलं उत्तर देतात. साठ सेकंद कुठे असतात? ते १५°३०′००″ व्हायला हवं. आणि चोर्ल्याच्या घाटात किंवा सुर्ल्याला रेंज गेली की वेबसाइट संपली.

कव्हरच्या आतल्या बाजूला मी एक चिठ्ठी चिकटवली आहे. गोव्याचा अधिकृत विस्तार अक्षांश १४°५३′५४″ ते १५°४०′००″, रेखांश ७३°४०′३३″ ते ७४°२०′१३″. दशांशात १४.८९८ ते १५.६६७ आणि ७३.६७६ ते ७४.३३७. उत्तर याच्या बाहेर गेलं की कागद परत. ही चाळणी पूर्वेकडच्या चुकीला पुरत नाही हे वर आलंच. तिथे गावाचं नाव विचारून नकाशावर बघण्याला पर्याय नाही.

माळीमच्या जेटीवरचे तांडेल, म्हणजे ट्रॉलर चालवणारे, येतात तेव्हा तिसराच प्रकार. ट्रॉलरवरच्या जीपीएसमध्ये बहुधा अंश आणि दशांशातली मिनिटं असतात, १५°२९.४५०′ अशी. समुद्रावर हे सोयीचं, कारण अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. यासाठी वेगळं बटण नाही, लागतही नाही: २९.४५० भागिले ६०, अधिक १५. उलट जायचं तर सेकंद भागिले ६० करून मिनिटांना जोडायचे. तेवढ्यासाठी मात्र वही लागते. रेखांशाचं मिनिट आपल्याकडे जरा आखूड, १,८५२ गुणिले कोसाइन १५.५, म्हणजे १,७८५ मीटरच्या आसपास. हे करताना पडद्यावर वर डी (अंश) दिसतोय ना ते बघा, आर (रेडियन) असेल तर उत्तर उणे येईल.

जिथे हा चालत नाही ते सांगते. पन्नास-शंभर बिंदूंची यादी असेल तर याच्यावर बसू नका, एक्सेलमध्ये तीन रकाने करा: अंश, अधिक मिनिटं भागिले ६०, अधिक सेकंद भागिले ३,६००. यूटीएम, म्हणजे मीटरमधले नकाशाचे आकडे, हवं असेल, आपल्याकडे झोन ४३ उत्तर, तर ते याचं कामच नाही. आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या टोपोशीटवरचे (नकाशांवरचे) आकडे एव्हरेस्टच्या गोलाभावर, म्हणजे पृथ्वीच्या आकाराच्या जुन्या मापावर, बसवलेले आहेत, जीपीएसचे डब्ल्यूजीएस ८४ वर. तिथे नुसतं रूप बदलून भागत नाही, बिंदू बरेच मीटर सरकलेला राहतो. क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर उघडा. केएमएल फाइल (गूगल अर्थला लागते ती) हाताने लिहिणार असाल तर तिथे रेखांश आधी आणि अक्षांश नंतर. उलटं टाकलंत तर पणजी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात सापडेल.

थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर एफएक्स-९९१ईएस प्लस घ्या. त्यात १५°२९′२७″ असं चिन्हांसकट दिसतं, नवीन माणसाला शिकवायला तो बरा. माझ्यासारख्या, दिवसाला चार-दहा बिंदू करणाऱ्याला ८२एमएस पुरे. पाचापैकी साडेचार, अर्धा त्या गोलांपायी कापला.