फुकटचं स्ट्रक्चरल ऑडिट आणि रंगवलेले कॉलम

कोल्हापुरातल्या एका बारा फ्लॅटच्या सोसायटीत घडलेला हा प्रकार आहे. इमारत पंचवीस वर्षांची, खाली पार्किंग, वर तीन मजले. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत पार्किंगमध्ये पाणी उभं होतं. पुढे कॉलमच्या कोपऱ्यांवर उभ्या भेगा दिसायला लागल्या. दुरुस्तीची कामं घेणारा एक कंत्राटदार आला आणि म्हणाला, "ऑडिट फुकट करून देतो, काम तेवढं आम्हाला द्या." हातोडीनं चार ठिकाणी ठोकून बघितलं आणि आठ दिवसांत जाडजूड रिपोर्ट हातात ठेवला. त्यावर ज्या इंजिनीअरची सही होती तो इमारतीकडे एकदाही फिरकला नव्हता. पार्किंगमधल्या सगळ्या कॉलमना मायक्रो-काँक्रीटचं (बारीक खडीच्या, सहज वाहणाऱ्या काँक्रीटचं) जॅकेटिंग करा, म्हणजे भोवती नवा थर चढवा, नाहीतर इमारत धोक्यात आहे, असं लिहिलेलं. सभासद घाबरले आणि निम्मी रक्कम आगाऊ देऊन मोकळे झाले.

जॅकेटिंगच्या नावाखाली झालं ते एवढंच: भेगेपुरता गिलावा छिनला, गंजलेल्या सळईवर सिमेंटची स्लरी फासली, वर प्लास्टर आणि रंग. पुढच्या पावसाळ्यानंतर भेगा त्याच रेषेत परत उमटल्या. एक कोपरा फोडला तेव्हा नवा थर जेमतेम १२ मिमी निघाला. आतल्या १६ मिमीच्या सळईचे पापुद्रे बोटानं निघत होते आणि उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या दोन रिंगा कोपऱ्यात गंजून तुटल्या होत्या.

सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो. तो दाब बाहेरच्या काँक्रीटला फोडतो, म्हणून भेग सळईच्या रेषेतच पडते. गंज न काढता वरून प्लास्टर केलं तर आतला दाब चालूच राहतो. खरी दुरुस्ती अशी असते: आधी स्लॅब-बीमखाली जॅक लावून वजन उतरवायचं, मग सळईच्या मागे २० ते २५ मिमी जाईपर्यंत खराब काँक्रीट काढायचं, सळई चकचकीत होईपर्यंत घासायची आणि व्हर्नियर कॅलिपरनं जाडी मोजायची. बरीच झिजली असेल तर जोडीला नवी सळई. नंतर गंजरोधक लेप, बाँडिंग कोट (जुनं-नवं काँक्रीट जोडणारा लेप), सेंट्रिंग (साचा) लावून मायक्रो-काँक्रीट आणि किमान सात दिवस पाणी. जॅक न लावता कॉलम छिनायला घेतला तर काम तिथल्या तिथे थांबवा. ही चूक जिवावर बेतते.

दुखणं ठरवणारा आणि बिल लावणारा माणूस एकच, हीच या फसवणुकीची मेख. स्ट्रक्चरल इंजिनीअर तुम्ही नेमलेला, तुम्ही पैसे दिलेला हवा. त्याची फी ठोक रकमेत किंवा चौरस फुटावर ठरवा, दुरुस्तीच्या खर्चाच्या टक्केवारीत कधीच नको. किती टेस्ट, कुठल्या कॉलमवर, हे प्लॅनवर खुणा करून लेखी घ्या. रिपोर्टसोबत कच्ची रीडिंग आणि फोटो मागा. कामाची मोजमापंही त्यानंच तपासावीत आणि त्याच्या सहीशिवाय कंत्राटदाराचं बिल सुटू नये.

टेस्टच्या नावाखालीही बनवाबनवी चालते. रिबाउंड हॅमर (आपटून काँक्रीटचा कडकपणा मोजणारं उपकरण) प्लास्टरवर मारला तर ते रीडिंग बिनकामाचं. प्लास्टर काढून काँक्रीटवरच मारावा लागतो. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कडक होतो, त्यामुळे आकडा फुगतो. म्हणून जोडीला ध्वनिलहरींनी काँक्रीट आतून तपासणारी अल्ट्रासोनिक टेस्ट हवी आणि शंका असेल तिथे कोअर, म्हणजे कापून काढलेला काँक्रीटचा गोल तुकडा. भारतीय मानकाप्रमाणे तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या किमान ८५ टक्के असावी आणि एकही कोअर ७५ टक्क्यांखाली नसावा. सगळ्यात सोपी टेस्ट तुम्हाला डोळ्यांनी बघता येते: नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलणारं रसायन शिंपडायचं. गुलाबी झालं तर काँक्रीट अजून सळईला जपतंय. सळईपर्यंत रंगच आला नाही तर ते संरक्षण संपलंय.

सोसायटीच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीला दर ५ वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीला दर ३ वर्षांनी ऑडिट सांगितलंय. पण सोसायटीबाहेर स्वतंत्र घर असणाऱ्यांना कोणी आठवण करत नाही. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या दगड-मातीच्या घरांत दुकानाच्या शटरसाठी खालची भिंत काढतात. त्या घरांत कॉलम नसतात, भिंतच वरचा मजला पेलते. "गर्डर टाकला की झालं" हे गवंड्याचं उत्तर पुरत नाही. गर्डरचं टोक ज्या मातीच्या भिंतीवर टेकतं तीच चेपते. मजला चढवताना किंवा गच्चीवर टाकी ठेवतानाही तसंच: हजार लिटर म्हणजे एक टन, आणि तो नेमका कुठल्या बीमवर येतो हे कुणीतरी मोजायला हवं. शेजारी तळघराची खुदाई सुरू होत असेल तर आपल्या घराची पाहणी खुदाईच्या आधी, तारखेच्या फोटोंसह करून घ्या. उपनगरात काळ्या मातीवरच्या प्लॉटात बांधणार असाल तर पायाचा निर्णय खड्डा बघूनच व्हावा. पाया मुरमापर्यंत गेला नाही तर उन्हाळ्यात भेगा उघडतात, पावसाळ्यात मिटतात आणि दरवाजे अडकायला लागतात.

प्रत्येक भेगेला इंजिनीअर लागतो असंही नाही. प्लास्टरवरच्या जाळीसारख्या केसभर भेगा, वीटकाम आणि कॉलमच्या सांध्यातली सरळ रेघ, यांना सहसा गवंडी पुरे. शंका असेल तर भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा आणि भेगेवर काचेची पट्टी चिकटवा. पट्टी तडकली किंवा खुणेपुढे भेग सरकली तर इंजिनीअरला लगेच बोलवा. कॉलम, बीममधल्या भेगेसाठी मात्र वाट बघू नका.

आणि पैसे आधीच गेले असतील तर फोडलेला कोपरा लगेच बुजवू नका. मोजपट्टी लावून फोटो काढा, निघालेला थर पिशवीत जपून ठेवा, स्वतंत्र इंजिनीअरकडून लेखी अहवाल घ्या आणि मगच कंत्राटदाराला नोटीस द्या. ग्राहक आयोगाकडे तक्रारीला कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. बैठकीतल्या तोंडी आश्वासनांत ती संपू देऊ नका.