झांजिबारमध्ये पाच महिने परक्या घरात: राहून आल्यावरचा अनुभव

आधी नाती सांगते, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. तिथल्या किस्वाहिली भाषेत मामा म्हणजे आई, दादा म्हणजे ताई, काका म्हणजे भाऊ आणि बीबी म्हणजे आजी. बाबा तेवढे बाबाच. त्यामुळे त्या घरातली दोन पोरं पाच महिने मला ‘दादा’ म्हणत होती आणि मी एका पन्नाशीच्या बाईंना ‘मामा’. “मामाने आज माझे केस विंचरून दिले,” हे रत्नागिरीला फोनवर सांगितल्यावर आमच्या आईला पहिल्या दिवशी जे वाटलं ते इथे लिहीत नाही.

2024 च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मी भाषा शिकायला तिथे होते. वसतिगृह नको, घरातच राहायचं, हा हट्ट माझाच. घर स्टोन टाउनमध्ये, म्हणजे जुन्या शहरात, नव्हतं, ङाम्बोमध्ये होतं. ङाम्बो म्हणजे पलीकडचा काठ. 1964 च्या क्रांतीनंतर पूर्व जर्मनीच्या मदतीने बांधलेल्या मिचेंझानीच्या लांबलचक इमारती आहेत ना, त्यांच्या मागच्या गल्लीत. पर्यटक स्टोन टाउनचे कोरीव दरवाजे बघून परततात. शहर राहतं ते इकडे.

आता तक्रारी, म्हणजे त्या उरकून टाकता येतील. घर जुळवून देणाऱ्या संस्थेने ‘स्वतंत्र खोली’ म्हटलं होतं. दुसऱ्या आठवड्यात पेंबा बेटावरून मामाची भाची आली आणि माझ्या खोलीतल्या रिकाम्या पलंगावर दोन महिने राहिली. मला कुणी विचारलं नाही, कारण यात विचारण्यासारखं काय आहे हेच त्यांना कळलं नसतं. (आमच्याकडे तरी कुठे विचारतात?) वाय-फाय कागदावरच होतं. नळाला पाणी दिवसाआड, म्हणून आंघोळ पिंपातून मगाने. मार्चपासून मासिकाचा पाऊस, म्हणजे तिथला मोठा पाऊस, सुरू झाला की कपडे वाळत नाहीत आणि वीज जाते. कोकणातल्या माणसाला यात नवीन काही नाही. खरी चीड आली ती पैशांची. मी संस्थेला भरलेल्या रकमेतले निम्मेसुद्धा मामाच्या हातात पडत नव्हते. हे मला चौथ्या महिन्यात कळलं, तेही चुकून. तेव्हा जाणार असाल तर घरच्यांना नेमके किती मिळतात, हे आधी विचारा. हिशेब करायला सोपं जाईल: तिकडेही पैशाला ‘पेसा’ आणि लाखाला ‘लाकी’च म्हणतात.

पहिले आठ दिवस मी टेबलावर एकटी जेवले. वेगळी ताटली, चमचा, डोक्यावर पंखा. बाकी सगळे आतल्या खोलीत चटईवर बसून हसत होते आणि मी इकडे भिंतीकडे बघत मासा खात होते. भाषा शिकायला आलेली मुलगी दिवसाला जेमतेम वीस शब्द बोलत होती.

नवव्या दिवशी मामाने माझ्यासमोर म्बूझी ठेवली. म्बूझी म्हणजे बकरी, पण नारळ खवायच्या घडीच्या पाटालाही म्बूझीच म्हणतात. बुटका लाकडी पाट, त्यावर बसायचं, पुढे लोखंडाची दातेरी जीभ. विळीच्या खवणीची सख्खी बहीण. मी बसले आणि दोन नारळ खवून दिले, करवंटीचा काळा चुरा पडू न देता. मामाने बोटाने खोबरं चाळून पाहिलं, शेजारणीला हाक मारून दाखवलं आणि मला एक म्हण ऐकवली: म्गेनी सिकू म्बिली, या तातू म्पे जेंबे. पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हाती कुदळ द्या. माझी कुदळ जरा उशिरा आली, एवढंच.

त्या रात्री मी चटईवर होते. मधोमध ‘सिनिया’, म्हणजे परातीएवढं ताट, त्यात नारळाच्या रसातला भात आणि वर माशाचं कालवण. सात माणसं, एकच ताट, उजवा हात. उष्ट्या-खरकट्याचे संस्कार घेऊन वाढलेल्या मला पहिला घास उचलायला वेळ लागला. मग नियम लक्षात आला: आपल्या पुढ्यातलाच भात खायचा, दुसऱ्याच्या वाट्यात बोट घालायचं नाही. सीमा दिसत नाही, पण असते. आणि मामा बोलता बोलता माशाचे बरे तुकडे बोटाने माझ्या बाजूला सारत असे. हे मला टेबलावर कधी दिसलं नसतं. सकाळी कधी ‘म्बाझी’ असायची, म्हणजे चक्क आपली तूर, नारळाच्या रसात शिजवलेली, सोबत मांदाझी, म्हणजे तळलेले गोडसर पाव. शाकाहारी असाल तर यावर आणि पालेभाज्यांवर दिवस निघतील; मात्र रोज मासा का नको, हे रोज सांगावं लागेल.

एकटेपणा मिळत नाही, हे नीट समजून जा. दुपारी दार लावून वाचत बसले की दहा मिनिटांत बाहेरून “होडी!” अशी हाक. (दारात उभं राहून आत येऊ का विचारायची ही रीत. पहिल्यांदा मी बोट शोधली.) मग प्रश्न: बरं नाही का? दार लावून बसतो तो आजारी, असा सरळ हिशेब. मार्चमध्ये रमजान लागला. मला उपवास नव्हता, पण दिवसा उघड्यावर खायचं नाही एवढं मीच ठरवलं, आणि संध्याकाळच्या फुतारीसाठी, म्हणजे उपवास सोडतानाच्या जेवणासाठी, खवायचे नारळ दोनाचे पाच झाले.

मोठ्यांना आधी ‘शिकामो’ म्हणायचं, ते ‘माराहाबा’ म्हणतात. तुमचे पाय धरते, असा त्याचा अर्थ सांगतात. मला वाकायची सवय, त्यामुळे बीबीसमोर मी शब्द आणि वाकणं दोन्ही करायचे. तिला ते फार आवडायचं, रोज दोनदा करून घ्यायची.

भाषेचं म्हणाल तर वर्गात व्याकरण शिकले, बोलायला मात्र म्बूझीवर. वेळेत तेवढी शेवटपर्यंत गफलत होत राहिली. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात: सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, एक वाजला. “सा तातूला बाजारात जाऊ,” असं मामा म्हणाली आणि मी दुपारी तीनला तयार होऊन बसले. ती नऊलाच दाराजानीच्या बाजारात जाऊन आली होती.

परत येऊनही ते चालूच आहे. काल तिचा निरोप आला, रात्री ‘सा म्बिली’ला फोन करते. दोनात सहा मिळवले, आठ. त्यात आपले अडीच तास. साडेदहापर्यंत जागी राहायचंय.