शाळेच्या वाटेवर टिकणारी सायकल: बफेलो आणि आपल्या पार्किंगमधली जुनी

कोथरूड असो, सहकारनगर असो की औंध, सोसायटीच्या जिन्याखाली दोनचार सायकली धूळ खात उभ्या असतातच. त्या आफ्रिकेतल्या शाळकरी मुलींसाठी द्या, असं आवाहन आलं की पुणेकर मनापासून पुढे येतात, आणि यावंच. सायकलीने मुलींची शाळा टिकते याला भक्कम आधार आहे. झांबियाच्या खेड्यांत शाळेपासून 3 किलोमीटरहून लांब राहणाऱ्या मुलींना सायकली देऊन अभ्यास झाला. त्यांची गैरहजेरी 28 टक्क्यांनी घटली, जाण्यायेण्याचा वेळ साधारण एक तृतीयांशाने कमी झाला आणि वाटेतला त्रासही कमी झाला. त्याआधी बिहारने 2006 मध्ये नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, तेव्हा माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी सुमारे 30 टक्क्यांनी वाढली.

प्रश्न उरतो तो सायकल कुठली, हा. कच्च्या, खडीच्या रस्त्यावर, दप्तर आणि बहुतेक वेळा मागे धाकटं भावंड घेऊन, वर्षानुवर्षं रोज चालणारी सायकल हवी. त्या कसोटीवर आपली जुनी सायकल आणि झांबियात वाटली जाणारी बफेलो, दोन्ही इथे तपासल्या आहेत.

बफेलो ही वर्ल्ड बायसिकल रिलीफ या संस्थेची सायकल. 2004 च्या त्सुनामीनंतर श्रीलंकेत सायकली देण्यापासून 2005 मध्ये संस्थेचं काम सुरू झालं. जाड पोलादी फ्रेम, वजन सुमारे 23 किलो, मागच्या कॅरियरवर 100 किलो पेलण्याची ताकद. गिअर नाही. मागचा ब्रेक पायडल उलटं दाबून लागतो, म्हणजे त्याला केबल नाही, ब्रेक शू नाहीत. चिखलात आणि पावसात हा ब्रेक हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्याच्या, आत सुरक्षित राहतो, ही मोठी जमेची बाजू. उणीवही तिथेच आहे: साखळी तुटली की तो ब्रेकही गेला, आणि लांब उतारावर हब तापतो. नव्या एस-टू मॉडेलमध्ये दोन साखळ्या आणि दोन फ्रीव्हील (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या) आहेत. पायडल थोडं उलटं फिरवलं की गिअर बदलतो, त्यासाठी केबल किंवा डिरेलर, म्हणजे साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, लागत नाही. चढाच्या वाटेसाठी हे उत्तम काम झालंय. मात्र उलटं पायडल तिथे गिअरसाठी वापरल्यामुळे ब्रेक हाताचा आहे.

आमच्या मते बफेलोची खरी किंमत तिच्या मागच्या व्यवस्थेत आहे. तेच ते सुटे भाग सगळीकडे, गावातच शिकवून तयार केलेले मेकॅनिक, त्यांना दिलेली हत्यारं आणि सायकलीवर लक्ष ठेवणारी गावची समिती. सायकल मुलीच्या नावावर करारानं दिली जाते. ती शाळेत येत राहिली की पुढे तिची होते. तक्रार एकच, पण ती गंभीर: 23 किलोची, एकाच मापाची सायकल पाचवीतल्या किरकोळ अंगाच्या मुलीला जड जाते. चालवताना नाही, पण उचलताना, ओढ्यातून काढताना आणि आडवी पडल्यावर उभी करताना. एका सायकलीचा खर्च दीडशे डॉलरच्या वर येतो. संस्था जुन्या सायकली घेत नाही.

आता आपल्या जुन्या सायकलीकडे. पुण्यात दानाला निघतात त्यात बऱ्याचशा गिअरच्या माउंटन बाइक आणि लहान मुलांच्या सायकली असतात. मुलांच्या 16 आणि 20 इंची सायकली परदेशी पाठवूच नयेत, इथल्याच वस्तीतल्या लहानग्यांना द्याव्यात. गिअरवाली सायकल पहिलं वर्ष छान चालते. मग डिरेलर फ्रेमला धरणारं हँगर वाकतं, गिअरची 3/32 इंची अरुंद साखळी मिळत नाही, आणि सायकल भिंतीला टेकते. शॉकअपच्या चिमट्यात, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फाट्यात, धूळ गेली की तो फक्त वजन वाढवतो.

लेडीबर्डसारखी 26 इंची सायकल मुलींना बसायला सोयीची आहे, चेनकव्हर आणि कॅरियर असतोच. पण तिचं टायर 26×1⅜, म्हणजे रिमवरचा व्यास 590 मिलिमीटर. माउंटन बाइकचं 26 इंची टायर 559 मिलिमीटरचं. दोन्हींवर 26 छापलेलं असलं तरी एकाचं दुसऱ्याला कधीच बसत नाही. पाठवलेली सायकल पडून राहण्याचं हे आम्हाला सर्वांत जास्त खटकणारं कारण आहे, कारण ते सहज टाळता येतं. प्रत्येक सायकलीसोबत तिच्याच मापाचं एक टायर आणि दोन ट्यूब बांधून द्या.

आश्चर्य वाटेल, पण परदेशी सर्वांत उपयोगी पडते ती आजोबांची काळी 28 इंची सायकल. भारतीय आणि चिनी बनावटीच्या अशाच सायकली केनिया-टांझानियात 'ब्लॅक मांबा' म्हणून वर्षानुवर्षं चालतायत, त्यामुळे 28×1½ चं टायर, पायडलचा दांडा घट्ट धरणारी कॉटर पिन, छर्रे (बेअरिंगच्या गोळ्या) हे गावच्या मेकॅनिकच्या ओळखीचे असतात. दांडी आडवी असल्याने शाळेच्या गणवेशात मुलींना चढणं अवघड, हा दोष मात्र आहे. त्यामुळे लेडीज फ्रेमची काळी सायकल हाती लागली तर तिला पहिला नंबर.

देण्याआधी तपासणी अशी करा. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेमागे हलवा. हँडलखाली खटखट लागली तर तिथली बेअरिंगची कटोरी सैल आहे. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, आडवा हलवून पाहा; डुलला तर तोही सैल आहे. चाक उचलून फिरवा आणि ब्रेक शूपाशी रिम किती डुलते ते पाहा. आरे ताणून सरळ होत नसेल तर रिम बदलावी लागेल. फ्रेमच्या जोडांवर, विशेषतः पायडलच्या एक्सलपाशी, तडा दिसला तर ती सायकल भंगारातच द्या. वेल्डिंग करून पाठवू नका. वर्षानुवर्षं बिनहवेच्या टायरवर उभ्या सायकलीचं टायर बाजूने फाटलेलं असतं, ते वरून काळं आणि चांगलं दिसलं तरी बदला. ओव्हरहॉलिंगला मागच्या हबमध्ये ¼ इंचाचे 18 छर्रे, पुढच्यात 3/16 चे 20. दोन्ही हबला नवं ग्रीस, चार ब्रेक शू, दोन केबल. इतकं झालं की सायकल पाठवण्याजोगी.

एकटी सायकल जहाजाने पाठवणं परवडत नाही. चाळीस फुटी कंटेनरमध्ये चारशेच्या आसपास बसतात, तेवढ्या गोळा करणारा गट हवा. भरताना पायडल काढून कॅरियरला बांधतात; डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं, ते जोर लावून नेहमीच्या दिशेने फिरवलं तर आटेच जातात. हँडल सैल करून चाकाला समांतर वळवतात, सीट खाली घेतात.

म्हणून आमचा कौल: पैसे देणं शक्य असेल तर परदेशातल्या मुलीसाठी बफेलो, आणि घरची जुनी सायकल दुरुस्त करून वेल्ह्यात, भोरमध्ये किंवा आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यात, जिथे तिचं टायर तालुक्याच्या गावी मिळतं. कंटेनर भरणारा गट खात्रीचा असेल आणि सायकल पोचते तिथे दुरुस्तीची सोय असेल तर काळी किंवा लेडीबर्ड, सुट्या भागांसह. करसवलत मोजून ठरवू नका: वस्तूरूपातल्या दानाला आयकरातली देणगीची सवलत लागू नाही, परदेशी संस्थेला थेट दिलेल्या पैशालाही नाही. सायकल कुणालाही दिली तरी दानपत्रावर फ्रेम नंबर लिहा, म्हणजे ती चोरीची नाही हे पुढच्याला दाखवता येतं.