पद्मिनीचे डोअर पॅड: जुनेच सांधायचे की नवे कापून घ्यायचे?

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीच्या दाराचा आतला पॅड म्हणजे पातळ हार्डबोर्ड (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड), वरून रेक्झिन आणि मागे क्लिपा. तो बहुतेक वेळा खालच्या कडेने कुजतो. काचेलगतची रबरपट्टी कडक झाली की पावसाचं पाणी दारात उतरतं. दाराच्या तळाची भोकं चिखलाने बुजली असतील तर ते तिथेच साचतं. त्यात काचेचं काम करताना कुणी पत्र्यावरचा प्लास्टिकचा कागद फाडून टाकला असेल, तर बोर्डाचं मरण ठरलेलंच.

बोर्ड आणि रेक्झिन यांचा निर्णय मात्र वेगवेगळा घ्यावा. बोर्ड कुठेही कापून मिळतो. कंपनीचं रेक्झिन गेलं की गेलं. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही बंद झाली, आता या गाडीसाठी माल भरून ठेवणार कोण? रेक्झिनवरच्या रेघा शिलाईच्या नसून तापवून दाबलेल्या असतील, तर कुशनवाला त्या हुबेहूब उठवून देईल या भरवशावर राहू नका. तो शिलाई मारून देतो. काम सुबक होतं, पण गाडी जुन्या रूपातली राहत नाही.

आता बोर्डाकडे. पॅड उलटा करून क्लिपांची भोकं बघा. दोन-तीनच फाटली असतील आणि बोर्ड बाकी टणक असेल, तर जुनाच ठेवा. पूर्ण वाळवा, सुटा भुसा खरवडून काढा, कडेला पातळ इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा, वाळून कडक होणारा राळेचा गोंद) मुरवा आणि भोकापाशी मागून पातळ पत्र्याची चकती चिकटवून नवं भोक पाडा. खर्च किरकोळ, वेळ मात्र जातो. पण खालची कड फुगून जाड झाली असेल तर हा नाद सोडा. फुगलेला हार्डबोर्ड वजनाखाली दाबून पूर्ववत होत नाही, क्लिप पुरती बसत नाही आणि पॅड दारापासून सुटा राहतो.

नवा कापायचा तर पुन्हा हार्डबोर्ड हा सगळ्यात सोपा पर्याय. जाडी जुळते, वळणावर वाकतो. कापल्यावर कडा आणि मागची जाळीदार बाजू वार्निशने बंद करायची, एवढंच पथ्य. मरीन प्लाय (आयएस ७१० या भारतीय मानकाची छाप बघून घ्या) पाण्याला जास्त दाद देत नाही, पण मूळ बोर्डापेक्षा जाड निघाला तर क्लिपा पोचत नाहीत आणि काचेचं हँडल पॅडला घासतं. मिलिमीटरभराचा फरकही पुरतो. पीव्हीसी शीटला पाण्याचं भय नाही, म्हणून कोकणात तिची भुरळ पडते; मला ती पटत नाही. उन्हात उभ्या गाडीत ती नरम पडते, दोन क्लिपांमध्ये लाट येते, आणि रेक्झिन चिकटवायच्या एसआर, म्हणजे कृत्रिम रबराच्या गोंदातला द्रावकही काही शीटना मानवत नाही.

गाडी मूळ रूपात दाखवायची असेल तर जुनं रेक्झिन सावकाश सोडवून नव्या हार्डबोर्डवर चढवा. उकललेलं रेक्झिन आकसलेलं असतं, म्हणून आधी हलकी ऊब द्या, मगच ओढा. ते कडक होऊन तडकलं असेल तर नवं घ्या. गाडी रोज चालवायची असेल तर पातळ मरीन प्लाय, नवं रेक्झिन, शिलाईच्या रेघा, वर्षं निघतील. मात्र बोर्ड कुठलाही निवडा, आधी तळाची भोकं तारेने मोकळी करा आणि पत्र्यावर नवा प्लास्टिकचा कागद लावा, त्याची खालची कड दाराच्या आत सोडून.