हर्णैहून तळाच्या मासेमारीला: एका खाणावळवालीचा अनुभव

नारायण पेठेत मी माशांची खाणावळ चालवते, सतरा वर्षं झाली. आठवड्यातले चार दिवस पहाटे गणेश पेठेतल्या मासळी बाजारात असते. कल्ला उघडून बघायचा, डोळा बघायचा, बोटाने दाबल्यावर खळगा भरून येतो का बघायचं, हे आता हात आपोआप करतात. त्यामुळे होडीतून गळ टाकायला जायचं ठरलं तेव्हा किती मासे मिळतील याची मला फारशी फिकीर नव्हती. पाण्याबाहेर आल्यावर पहिल्या पाच मिनिटांत माशाचं काय करतात, ते मला बघायचं होतं. हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिते आहे.

कारणही आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही दुसऱ्या एका बंदरातून असेच गेलो होतो. माणसं बोलायला गोड होती, मासेही भरपूर लागले. पण ते चार तास उघड्या टबात, उन्हात पडून राहिले. बर्फ मागितला तर "किनाऱ्यावर मिळेल" म्हणाले. पुण्याला पोचेपर्यंत पोटं फुटली होती आणि अर्ध्याहून जास्त मासळी मला टाकून द्यावी लागली. जिवंत बाहेर काढलेला मासा कचऱ्यात टाकताना हात चालत नव्हता. ती रात्र मी विसरलेले नाही.

या वेळी धाकट्या भावाने हर्णैची ही होडी शोधली. बावीस फुटी, फायबरची, मागे आउटबोर्ड मशीन. तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य, पन्नाशीचे असतील, जोडीला त्यांचा पुतण्या. महिन्यातून चार-पाचच दिवस ते लोकांना नेतात, एरवी स्वतःची मासेमारी. नाव-नंबर कुठे टाकू नका असं त्यांनी सांगितलंय, म्हणून टाकत नाही. बंदरावर "गळाला नेणारी होडी" म्हणून विचारलंत तर दाखवतील.

फोनवर पहिल्यांदा बोलले तेव्हाच माझं मत चांगलं झालं. आम्हाला शनिवार हवा होता. ते म्हणाले, "ताई, शनिवारी पौर्णिमा आहे. उधाणाला पाण्याला ओढ असते, तुमचं शिसं तळाला टिकणार नाही. अष्टमी-नवमीला या, भांग असतो, पाण्याला ओढ कमी." म्हणजे हातातलं गिऱ्हाईक त्यांनी आठवडाभर पुढे ढकललं. आम्ही नवमी धरली. नवमीला भरती किती वाजता, हे त्यांनी तोंडी सांगितलं: तिथीची पाऊणपट. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, पावणेसात. म्हणजे होडी काढायला पाणी भरपूर, आणि दुपारी एकच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. ओढ सर्वांत कमी असते ती भरती पूर्ण झाल्यावर आणि ओहोटी संपताना. मासा खातो तो त्या वेळेच्या आगेमागे, असं त्यांचं म्हणणं. दिवसभर बघितलं, ते खरं निघालं.

पुण्याहून आदल्या दिवशी दुपारी निघालो. ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत हर्णैला पोचायला जेवणाचा थांबा धरून सहा तास लागले. घाटात गाडी हळू चालवा, एवढंच सांगते.

पहाटे सहाला या म्हणाले होते. होडी हलली सातला पाच मिनिटं कमी असताना, कारण इंधनाचा कॅन आला नव्हता. ही पहिली तक्रार. दुसरी लाइफ जॅकेटची. आठ होती, सगळ्यांना घालायलाच लावली हे चांगलं, पण दोघांचे बक्कल तुटलेले होते आणि ती दोरीने बांधून दिली. मी तिथेच सांगितलं, दादा, हे बदला. त्यांनी मान्य केलं. बदलली की इथे लिहीन. चढायला जेट्टी नाही, गुडघाभर पाण्यातून जावं लागतं आणि खाली चिखल आहे, त्यामुळे माझ्या वयाच्या बायकांनी कुणाचा तरी हात धरावा. होडीवर शौचालय नाही आणि सावलीही नाही. सात तासांचा हिशोब करूनच निघा.

डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो. तो समुद्राकडे वाहत असल्याने किनाऱ्याजवळ पाणी अगदी सपाट असतं. सुवर्णदुर्गाच्या तटाला लागून आम्ही बाहेर पडलो तेव्हा कनकदुर्गावरच्या दीपगृहाचा दिवा अजून फिरत होता. स्वेटर, त्यावर शाल, तरी दात वाजत होते. पुण्याची थंडी कोरडी असते. ही ओली थंडी बाह्यांतून आत शिरते. तासाभराने किनारा धुरकट होऊन दिसेनासा झाला. तांडेल म्हणाले, पूर्वी डोंगराचं टोक आणि किल्ल्याचा बुरूज एका रेषेत आणून खडक शोधायचे, आता असल्या धुक्यात जीपीएस आहे म्हणून बरं. तरी यंत्रावर भरवसा टाकून ते नांगर सोडत नाहीत. आधी हातातली दोरी सोडतात.

आणि ही दोरी त्यांनी माझ्या हातात दिली. तंगुसाची, म्हणजे नायलॉनची, जाड दोरी, टोकाला पाव किलो शिसं. पाणी अकरा वाव, म्हणजे वीस मीटर. दोरी बोटांतून सरसरत गेली आणि थांबली. "काय लागलं?" त्यांनी विचारलं. मला काही कळलं नाही. म्हणाले, उचला हातभर आणि सोडा. उचललं, सोडलं. मऊ. दोरी सैल पडली आणि परत ओढताना शिसं किंचित धरून ठेवल्यासारखं आलं. "चिखल." होडी पन्नासेक हात पुढे नेली. पुन्हा सोडलं. या वेळी बोटाच्या पेराला टक्‌ असं लागलं, जमिनीवर खलबत्त्याचा दांडा टेकवावा तसं. "खडप. इथे मासा आहे." खडप म्हणजे तळाचा खडक. समुद्राचा तळ मी आयुष्यात पहिल्यांदा हाताला लागलेला अनुभवला, आणि तोही वीस मीटर दोरीतून. दिवसभरातलं हेच मला सर्वांत मोठं वाटलं.

नांगर वाकवलेल्या सळयांचा आहे. खडपात अडकला तर जोरात ओढल्यावर सळया सरळ होतात आणि तो सुटतो, मग पुन्हा वाकवून घेतात. लोखंडी जड नांगर इथे गमावलाच असता.

आमिषाला माकलीच्या (स्क्विडच्या) पट्ट्या आणि कोळंबी दोन्ही होतं. कोळंबी छोटे मासे टोचून टोचून खाऊन टाकतात, माकली चिवट, गळावर टिकते. पहिला तासभर फक्त राणी मासे आणि एक केंड. केंडाने फुगून बॉल केला तेव्हा भाचा हात लावायला गेला, पुतण्याने त्याला अडवलं आणि विषारी म्हणून परत सोडून दिला. नंतर करकरे सुरू झाले. बाहेर काढला की खरंच करकर आवाज करतो, माझ्या हातात आवाज करत असलेला मासा मी पहिल्यांदा धरला. शिंगाळाही लागला. त्याचे काटे पुतण्याने पक्कडीने तोडले आणि मगच गळ काढला. हे सगळ्या होड्यांवर करत नाहीत. त्या काट्याची कळ सहन होत नाही.

तांबोशीचं वेगळं. ती टोचत नाही, एकदम वाकवते. आणि गोबरा लागला की पहिल्या दोन हातांतच सगळं ठरतं. तो खडकाच्या कपारीत शिरतो, एकदा शिरला की तंगूस घासून तुटतो. भावाने असे तीन गळ घालवले. मला तांडेल कानाशी सांगत होते, "आता ओढा ताई, थांबू नका, थांबू नका." दोरीने तळहातावर वळ उठला. पण गोबरा वर आला, तीन किलोच्या थोडा आतला, तपकिरी, अंगावर ठिपके, तोंड उघडं. हातमोजे न्या. होडीवर मिळत नाहीत.

आता ज्यासाठी मी गेले होते ते.

मासा आत आला की पुतण्या एका हाताने डोळे झाकून धरतो, डोक्यात टोच्याने एक टोचा. मासा लगेच शांत होतो, फडफड नाही, अंगाला मार नाही. मग कल्ल्याखालची शीर कापून त्याला समुद्राच्या पाण्याच्या बादलीत डोकं खाली घालून धरतो. पाणी लाल होतं, दोन-तीन मिनिटं. मग थेट पेटीत, बर्फ आणि समुद्राचं पाणी मिसळलेल्या गार चिखलात. दिवसभर एकही मासा याला चुकला नाही, साधा करकरासुद्धा नाही. मी घड्याळ लावून बघितलं, गळ काढल्यापासून बर्फात जाईपर्यंत पाच मिनिटांच्या आत. बर्फ त्यांनी माशाच्या बरोबरीने घेतला होता, एक किलोला एक किलो. बाजारात उभं राहून मी कित्येकदा म्हटलंय की मासा खराब होतो तो दुकानात नाही, होडीवर. इथे तो होडीवरच सांभाळला जातो.

काठावर दोन खुणा कोरलेल्या आहेत. त्याहून लहान तांबोशी आली की परत. २०२३ मध्ये राज्य सरकारने ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, हे मला माहीत होतं, पण होडीच्या काठावर कोरलेली खूण पहिल्यांदा बघितली. खोलातून वर आणलेल्या माशाचं पोट फुगतं, तो खाली जाऊ शकत नाही, म्हणून हळू ओढायला सांगतात आणि लहान असला तर पटकन सोडतात. तरी एक छोटी तांबोशी तरंगतच राहिली. तांडेल तिकडे बराच वेळ बघत होते.

साडेअकरापासून एकपर्यंत ओढ कमी झाली आणि खरा मासा तेव्हाच मिळाला. भाच्याला तोवर बोट लागली होती. त्याला मधोमध बसवला, मशीनच्या धुरापासून लांब, लांबवर क्षितिजाकडे बघ म्हणाले, आलं चघळायला दिलं. अर्ध्या तासाने उठून "आत्या, दोरी दे" म्हणाला. एक वाजता वायव्येकडून वारा उठला, पाण्यावर पांढरं दिसू लागलं, तसे तांडेल कुणाची परवानगी न घेता नांगर उचलून निघाले. भाऊ अजून अर्धा तास मागत होता. ऐकलं नाही, आणि बरोबर केलं.

स्टोव्हवर पुतण्याने करकऱ्यांचं आंबट केलं होतं: लसूण, हळद, तिखट, मीठ, आमसूल, बाकी काही नाही. बरोबर तांदळाची भाकरी. चव छान, रस्सा मी दोनदा घेतला. पण स्वयंपाकीण म्हणून एक सांगते. आत्ताच काढलेला मासा लगेच शिजवला की आखडतो, मांस चिवट लागतं. काही तास बर्फात विसावला की खरी गोडी येते. "अगदी ताजा" म्हणून सगळे ज्याचं कौतुक करतात, त्यापेक्षा रात्री किंवा दुसऱ्या दिवशीचा नीट सांभाळलेला मासा मला जास्त आवडतो.

ते मला घरी कळलं. एकूण चार तांबोश्या, एक गोबरा, नऊ करकरे, काही राणी मासे आणि दोन शिंगाळे. आमच्या थर्माकोलच्या पेटीत त्यांनी पिशव्या बांधून, वर-खाली बर्फ घालून भरून दिले आणि पेटीच्या तळाला भोक ठेवायला सांगितलं, म्हणजे वितळलेल्या पाण्यात मासा बुडत नाही. निघायच्या आधी संध्याकाळी बंदरावरचा लिलाव बघितला. होड्यांवरून बैलगाड्या पाण्यातून मासळी किनाऱ्यावर आणतात आणि वाळूतच बोली लागते. दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्यात तांबोशी कापली. पाठीच्या कण्याजवळ एरवी काळपट रक्ताची रेघ असते, ती नव्हतीच. मांस पांढरं, काचेसारखं. वास फक्त समुद्राचा. माझ्याकडे पंधरा वर्षं जेवायला येणाऱ्या एका काकांना वाटी दिली, तर ते जेवण थांबवून विचारू लागले, हे कुठून आणलंस?

पैशांचं: सहा जणांची होडी, सात तास, ९,००० रुपये. दोरी, गळ, आमिष, बर्फ, जेवण त्यातच. स्वतःचा रॉड न्यायला हरकत नाही, भावाने नेला होता, पण खडपावर हाताची दोरीच चांगली चालली. मासा मिळण्याची हमी ते देत नाहीत आणि देऊ नये. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा विचारूच नका. थंडीच्या दिवसांतली अष्टमी-नवमी धरा, आणि आधी पंचांग बघून मग फोन करा.

पाचपैकी साडेचार. अर्धा लाइफ जॅकेटचा. माघ वद्य अष्टमी आम्ही धरली आहे. या वेळी हातमोजे, जादा गळ आणि भाच्यासाठी आल्याचा तुकडा आधीच पिशवीत ठेवलाय. बक्कल बदलले का, हे काल फोनवर विचारलं, तर तांडेल म्हणाले, "आणले ताई, आठही नवीन आणली."