पंचविसावी गोष्ट: व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसचा सहा महिन्यांचा अनुभव

मला उजव्या कानाने ऐकू येत नाही. नऊ वर्षांची असताना गालगुंड झाले, ताप उतरला आणि तो कान कायमचा गेला. डावा कान ठणठणीत आहे, त्यामुळे हे कुणाच्या सहसा लक्षात येत नाही. लोकांना दिसतं ते एवढंच, की हाक मारली तरी मी वळत नाही, घोळक्यात सगळे हसतात तेव्हा माझा चेहरा कोराच राहतो आणि शेजारी बसलेल्याच्या प्रश्नाला मी कधीकधी उत्तरच देत नाही. ‘फार शिष्ट आहे’ हे माझ्याबद्दल बोललेलं मी अनेकदा ऐकलंय.

2009 सालच्या सुरुवातीला फेसबुकवर ‘माझ्याबद्दलच्या 25 गोष्टी’ लिहायची लाट आली होती. स्वतःबद्दलच्या 25 गोष्टी लिहायच्या, 25 मित्रांना टॅग करायचं, मग त्यांनी त्यांच्या लिहायच्या. मीही लिहिल्या. चोवीस पटापट झाल्या. पंचविसावी म्हणून कानाबद्दल एक ओळ लिहिली, दोनदा वाचली आणि खोडून टाकली. तिच्या जागी पावसाच्या वासाबद्दल काहीतरी लिहिलं. ज्या ‘नोट्स’मध्ये हे सगळं लिहिलं जायचं, त्या नव्याने लिहिण्याची सोय फेसबुकने 2020 च्या ऑक्टोबरअखेर बंद केली. ती खोडलेली ओळ मात्र माझ्या मनातून गेली नाही.

सहा महिन्यांपूर्वी ती मी व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर लिहिली, 11 जणांसाठी. तेव्हापासून दर दोन-तीन आठवड्यांनी स्वतःबद्दलची एकेक खरी गोष्ट तिथे सांगते आहे. स्वतःबद्दलचं काही मित्रांना सांगायचं, तर ही जागा कशी आहे, ते माझ्या वापरावरून लिहिते.

स्टेटस 2017 च्या फेब्रुवारीत आजच्या रूपात आलं आणि बहुतेकांना ते सुविचार, फोटो आणि वाढदिवसांसाठी माहीत आहे. त्याच्या प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये तीन पर्याय असतात: सगळे संपर्क, काही जण वगळून बाकीचे संपर्क, किंवा फक्त निवडलेले लोक. माझा सगळा अनुभव या तिसऱ्या पर्यायाचा आहे. नुसता मजकूर टाकायचा तर 700 अक्षरं मिळतात. मी मुद्रितशोधनाचं काम करते, अक्षरं मोजायची सवय आहे, आणि माझ्या मते हे माप अगदी बरोबर आहे. गोष्ट सांगून होते, पण तिच्याभोवती सफाई देत बसायला जागा उरत नाही. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा जवळपास अर्धा मजकूर ‘गैरसमज नसावा’, ‘सहानुभूती नकोय’ अशा वाक्यांचा होता. मर्यादेत बसवताना तीच आधी गेली. राहिलं ते नीट होतं.

पण मला सर्वांत मोलाची वाटते ती उत्तराची सोय. स्टेटसला दिलेलं उत्तर थेट दोघांच्या चॅटमध्ये येतं. बाकीच्या दहा जणांना ते दिसत नाही. आधी मला हे साधं वाटलं होतं. वापरल्यावर कळलं की सगळा फरक इथेच आहे. फेसबुकवर कुणी मनातलं लिहिलं की खाली एकजण लिहितो ‘खूप धाडसी आहेस’, दुसरा लिहितो ‘सलाम’, आणि तिसऱ्याला वेगळं काही म्हणायचं असलं तरी तोही सलामच लिहितो, कारण तो तुमच्याशी बोलतानाही बाकीचे ऐकत असतात. इथे तसं झालं नाही. मला आलेली सहा उत्तरं सहा तऱ्हांची होती. एकीने विचारलं, ‘फोन कुठल्या कानाला लावतेस?’ एकाने त्याच्या चष्म्याच्या नंबराबद्दल लिहिलं, जो तो वर्षानुवर्षं लपवत होता. आणि माझी बारा वर्षांपासूनची मैत्रीण, जिच्याबरोबर मी असंख्य सिनेमे पाहिलेत, तिने लिहिलं: ‘अगं, म्हणून तू नेहमी रांगेच्या उजव्या टोकाला बसतेस!’

हो, म्हणूनच. उजव्या टोकाला बसलं की सगळी माणसं डावीकडे येतात. बारा वर्षं मी आधी पोचून ती जागा धरत होते.

आर्थर अ‍ॅरन या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग पुष्कळांनी ऐकला असेल. दोन अनोळखी माणसांनी 36 प्रश्नांची आळीपाळीने उत्तरं द्यायची, प्रश्न तीन टप्प्यांत अधिकाधिक खासगी होत जातात, आणि साधारण पाऊण तासात त्या दोघांना एकमेकांबद्दल बरीच जवळीक वाटू लागते. त्यातला मला महत्त्वाचा वाटणारा शब्द ‘आळीपाळीने’ हा आहे. स्टेटसमध्ये ती पाळी आपोआप येत नाही. तुम्ही बोलता, समोरचा नुसता वाचून पुढे जाऊ शकतो. चष्म्यावाल्या मित्राने स्वतःचं काही सांगितलं तेव्हा ते संभाषण झालं. नाहीतर ते एकतर्फी निवेदनच राहिलं असतं.

यावरून येते ती गोष्ट जिने मला सर्वांत जास्त त्रास दिला: कुणी पाहिलं याची यादी. डोळ्याच्या खुणेवर बोट ठेवलं की नावं दिसतात. पहिल्या दिवशी अकरांपैकी दहा जणांनी पाहिलं आणि चौघांनी एक शब्द लिहिला नाही. ती चार नावं मी त्या दिवशी किती वेळा उघडून पाहिली, सांगता येणार नाही. स्वतःबद्दल काही नाजूक सांगितलेल्या माणसाच्या हातात अशी यादी असू नये, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. त्यावर उपाय आहे: वाचल्याच्या निळ्या खुणा सेटिंगमधून बंद केल्या की स्टेटस कुणी पाहिलं हेही दिसत नाही. मी दुसऱ्या वेळेपासून तसंच केलं. याची किंमत म्हणजे इतरांनी तुमचा निरोप वाचला की नाही, हेही मग कळत नाही. मला ती परवडली.

त्या चौघांतल्या एकीचा तीन आठवड्यांनी फोन आला. कॉलेजात मला ‘महाराणी’ हे नाव तिनेच ठेवलं होतं, हाकेला ओ देत नाही म्हणून. ती म्हणाली, ‘तुला काय लिहावं तेच कळत नव्हतं गं. रोज लिहायला घ्यायचे आणि राहून जायचं.’ आम्ही दीड तास बोललो. म्हणून सांगते, पाहून गप्प राहिलेल्याबद्दल लगेच काही ठरवू नका.

24 तासांनी मजकूर नाहीसा होतो, याचा मला फायदाच झाला. ‘हे कायम इथे राहणार आहे’ या विचाराने 2009 मध्ये माझा हात थांबला होता. ‘उद्या या वेळी हे नसेल’ या विचाराने या वेळी पुढे गेला. पण नाहीसं होतं ते पडद्यावरून. स्टेटसचा कुणी स्क्रीनशॉट घेतला तर तुम्हाला कळत नाही. स्टेटस एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतं, म्हणजे वाटेत कुणी, खुद्द कंपनीही, ते वाचू शकत नाही, आणि ही मोठीच गोष्ट आहे. पण ज्याला तुम्ही स्वतः वाचायला दिलंय, त्याने पुढे काय करावं हे कुठलंही कुलूप ठरवू शकत नाही.

माझ्या बाबतीत ते घडलं. अकरांतल्या एका व्यक्तीने, माझ्या भल्यासाठीच, आम्ही दोघं ज्या एका मोठ्या ग्रुपमध्ये आहोत तिथे लिहिलं, ‘तिला उजव्या बाजूने हाक मारू नका रे, तिला त्या कानाने ऐकू येत नाही.’ त्या ग्रुपात चाळीसेक माणसं आहेत. पुढच्या भेटीत प्रत्येकजण माझ्या डावीकडे येऊन जरा मोठ्याने बोलत होता. त्यांच्या वागण्यात प्रेम होतं, हे मला दिसत होतं. तरी घरी येऊन मी रडले. तीसहून जास्त वर्षं जी गोष्ट कुणाला कधी सांगायची हे मी ठरवत होते, ती एका ओळीत माझ्या हातून गेली होती. त्या व्यक्तीशी मी नंतर बोलले, तिला वाईट वाटलं, आमचं सगळं नीट आहे. पण तेव्हापासून मी प्रत्येक खासगी स्टेटसच्या शेवटी एक ओळ लिहिते: ‘हे फक्त तुमच्यापाशी ठेवा.’ इन्स्टाग्रामच्या ‘क्लोज फ्रेंड्स’मध्ये (ते 2018 च्या नोव्हेंबरअखेर आलं) स्टोरीभोवती हिरवं कडं दिसतं, त्यामुळे बघणाऱ्याला कळतं की आपल्याला निवडून दाखवलं आहे. ती कल्पना मला फार आवडते. माझी शेवटची ओळ हे माझं हिरवं कडं आहे.

यादी करणं हे या सगळ्यातलं खरं काम, आणि त्यात घाई करू नये. मी अकरा नावं निवडायला चार दिवस घेतले. सख्खं कोण, हा प्रश्न मी सोडून दिला. प्रत्येक नावापुढे एकच विचारलं: याने कधी दुसऱ्या कुणाचं गुपित मला सांगितलं आहे का? या एका प्रश्नाने माझी दोन अत्यंत लाडकी माणसं गळाली. ती आजही लाडकी आहेत. सोबत एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: तुम्ही आणि समोरच्याने एकमेकांचे नंबर सेव्ह केलेले असतील तरच स्टेटस पोचतं. अकरावं नाव ज्यांचं, त्यांनी माझं पहिलं स्टेटस का पाहिलं नाही याचं मला दोन महिने कोडं होतं. त्यांनी फोन बदलला होता आणि माझा नंबर त्यांच्याकडे राहिलाच नव्हता.

आणखी एक, याकडे नीट लक्ष द्या. 2023 पासून प्रत्येक स्टेटस टाकताना ते कुणासाठी आहे हे तिथल्या तिथे निवडता येतं, आणि शेवटची निवड पुढच्या वेळेसाठी तशीच राहते. म्हणजे आज सगळ्यांसाठी ढगांचा फोटो टाकला आणि उद्या न बघता मनातलं लिहिलं, तर ते सगळ्यांना जाईल. आणि टाकल्यानंतर सेटिंग बदललं तरी आधी गेलेल्या स्टेटसवर त्याचा परिणाम होत नाही, ते काढूनच टाकावं लागतं. मी बोट उचलण्याआधी दर वेळी यादी वाचते, मोठ्याने.

काय सांगू नये, याबद्दल माझा नियम सोपा आहे: जे पासवर्ड विसरल्यावर विचारलं जातं, ते नाही. पहिली शाळा, पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव, जन्मतारीख. 2008 मध्ये अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं ईमेल खातं एका तरुणाने याच वाटेने उघडलं होतं; जन्मतारीख आणि नवऱ्याची भेट कुठे झाली, ही उत्तरं त्याला उघड माहितीतच सापडली. गंमत म्हणून फिरणाऱ्या ‘तुमच्याबद्दल 20 प्रश्न’ प्रकारच्या याद्यांमध्ये नेमके हेच प्रश्न असतात. आणि ते तुम्हाला कुणाच्या जवळही नेत नाहीत. माझ्या पहिल्या शाळेचं नाव कळून कुणाला माझ्याबद्दल काय कळणार?

पाचपैकी चार गुण देते. एक कापला तो पाहणाऱ्यांच्या यादीसाठी. ज्यांना एकाच माणसाला काही सांगायचंय त्यांनी याच्या वाटेला जाऊ नये, सरळ फोन करावा. पण ज्यांना एकच गोष्ट दहा जणांना दहा वेळा सांगण्याचं बळ नाही, त्यांच्यासाठी याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. दर वेळी नव्या चेहऱ्यासमोर तेच वाक्य उच्चारायचं, त्याच्या भुवया वर जाताना पाहायच्या, ‘अरेरे’ ऐकायचं, हे मी चार-पाच वेळा केलंय आणि प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी आजारी पडल्यासारखं वाटलंय. इथे ते एकदाच झालं.

जाता जाता: ऑनलाइन ग्रुप कॉलमध्ये बहुधा सगळ्यांचे आवाज एकाच जागेतून येतात. कोण कुठून बोललं हे तिथे दोन कान असलेल्यांनाही कळत नाही. तिथे मी सगळ्यांच्या बरोबरीची असते. हे मी चौथ्या स्टेटसमध्ये लिहिलं होतं आणि त्याला नऊ उत्तरं आली, आजवरची सर्वांत जास्त.

यादीत आता नऊ जण आहेत. गेल्या रविवारी बारा वर्षांपासूनच्या त्या मैत्रिणीबरोबर पायऱ्या उतरत होते. ती माझ्या उजवीकडे होती. काही न म्हणता, वाक्य अर्धवट न सोडता, ती मागून फिरून माझ्या डावीकडे आली आणि बोलत राहिली.